उरलेलं पाकीट

पाळणाघरातल्या मावशींचा हात लागला की कसलंही हट्टी पोर पंधरा दिवसांत डायपर सोडतं, असा त्यांचा लौकिक. दर अर्ध्या तासाने पॉटीवर बसवायचं, तोंडाने 'शूऽऽ' करत राहायचं आणि चड्डी ओली झाली तरी चकार शब्द काढायचा नाही, एवढंच त्यांचं तंत्र.

आज एका आईने डायपरचं उरलेलं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. "मावशी, आमच्या बाईसाहेब सुटल्या एकदाच्या! हे आता तुम्हीच न्या. घरी कुणा लहानग्याला होतील."

"होतील की," मावशी हसल्या.

घरी येऊन त्यांनी दोन-दोन डायपर चिकटपट्टीने एकमेकांना जोडून ठेवले.

मग एकोणीस वर्षांच्या लेकाला कमोडवर बसवलं आणि रोजच्यासारखं, डायपर बांधण्याआधी बराच वेळ, 'शूऽऽ' करत राहिल्या.