नावाची पाटी

१९८४ साली कावेरी सामंत शिक्षिका म्हणून मालवणात आली. भर बाजारपेठेत तिला स्वस्तात खोली आणि स्वयंपाकघर मिळालं. एकटीच राहणार होती. पहिल्याच सकाळी तिने दारावर आपल्या नावाची पाटी लावली.

शाळेतून परतली, तर कुलूप जसंच्या तसं, आणि पाटी दाराच्या आतल्या बाजूला. तिने ती पुन्हा बाहेर लावली. दुसऱ्या दिवशीही तेच.

"आदीची माणसां आठ दिवसांत गेली गो," घरमालकीण राधाबाई म्हणाल्या.

"मी खंय जावचंय नाय. आता ह्यां माझां घर."

तिसऱ्या दुपारी तिने चार स्क्रू पिळून पाटी बाहेर घट्ट बसवली. आतून कडी घातली आणि दारावर नजर रोखून बसली.

पाठीमागून, रिकाम्या स्वयंपाकघरातून, कुणीतरी अदबीने विचारलं, "बाई, आत येव काय?"