सोमवारचं मौन

श्रावणभर मी महादेवाच्या चौरंगासाठी क्रोशाचे चौकोन विणले. साधेच, साखळी आणि खांबाचे; पण एकेक खांब शिवाचं नाव घेऊन घातलेला. सोमवारी दिवे लागेपर्यंत माझं मौन असतं, हे सगळ्या घराला ठाऊक. थोरल्या जाऊबाईंनी मंडळाच्या बायांना चहाला बोलावलं, तेही नेमकं सोमवारीच.

शेवटच्या चौकोनाची गाठ तेवढी राहिली होती, म्हणून सुई घेऊन मी बैठकीत आले. त्या चौकोनांचं देवाचं आसन टीपॉयवर अंथरलेलं, आणि त्यावर चहाचे कप!

"सारं मीच विणलं वं," जाऊबाई बायांना सांगत होत्या. "हिले कुठं येते! ही नुसती देव देव करून राहते."

माझे कान तापले. ओठ मिटून मनातल्या मनात जप धरला, तर तोही धड होईना.

"आम्हालेही शिकवा न, कुसुमताई," एक जण त्यांना म्हणाली.

 

मी कप उचलून बाजूला ठेवले, शेवटचा चौकोन टोक ओढून पार उसवला आणि हसून सुई जाऊबाईंच्या हातात दिली.