झाकणाचा कोपरा

"बटण दाबू?" बाबांनी विचारलं.

"यंत्र तुमचं, बटण तुमचं. मला काय विचारता?" आई म्हणाली. पण टेबलावरचा दिवा उचलून तिनं हातात धरला. धूर निघालाच तर तो तिला आधी दिसावा, असं ठरलं होतं. तिचे डोळे चांगले, त्यांचे हात चांगले. वाटणी जुनीच होती.

टेबलावर एका जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड होता. म्हणजे त्याची नक्कल. मूळ बोर्ड आतली बॅटरी गळून कुजला होता. बाबांनी त्याच्यावरच्या चिपा अलगद उतरवल्या, बोर्ड घासून तांब्याची एकेक रेघ कागदावर उतरवून घेतली, नव्या तांब्याच्या पाटीवर छापली आणि न्हाणीघरात प्लास्टिकच्या टबात रसायनात बुडवून कोरली. फरशीवर तपकिरी डाग पडले ते पडलेच. एरवी आईनं घर डोक्यावर घेतलं असतं. या वेळी चकार शब्द काढला नाही.

कॉम्प्युटर खटपट्याचा. खटपट्या म्हणजे त्यांचा मुलगा. लहानपणी घरातली एकही वस्तू त्यानं उघडून पाहिल्याशिवाय सोडली नाही, म्हणून हे नाव. तो गेला तेव्हा त्याच्या कानांजवळचे केस पिकायला लागले होते. भेटायला येणाऱ्यांची रीघ थांबली, तसं बाबांनी माळ्यावरून हे खोकं खाली काढलं. "एकदा चालू करून बघतो," एवढंच म्हणाले.

बाबांनी बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. मग करडा झाला. मग वरच्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन उघडझाप करू लागला.

"लागला," बाबा म्हणाले.

"हं."

समोरच्या घरात कुणी दिवा लावावा, तसं दोघं बघत राहिले. बाबांनी एका बोटानं दोन अधिक दोन टाइप केलं. खाली चार आलं.

"गणित येतंय म्हणायचं," आई म्हणाली. "तुमच्यापेक्षा बरं."

बाबांनी कॉम्प्युटर बंद केला, वरचं झाकण आणून ठेवलं आणि तळहातानं दाबलं. कट्‌कन ते चारही बाजूंनी बसलं.

आईनं झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"हे कसं बसलं?"

"म्हणजे?"

"हा कोपरा कधी बसलाय? इतकी वर्षं याच फटीतून धूळ काढत होते मी."

बाबांनी चष्मा काढला. "आत त्याची तार होती. स्क्रूड्रायव्हर घसरून रेघ कापली गेली होती ना त्याच्याकडून. मी कामावरून यायच्या आत दारावरच्या घंटीची तार काढून जोडली पठ्ठ्यानं. बोटभर जागेला हातभर तार. तीच झाकण उचलून धरायची."

"मला सांगताय? किती दिवस घंटी मुकी होती, लोक दार बडवायचे. कुठंय ती तार?"

"अगं, आता कशाला लागते तार? कापलेली रेघ मी कागदावरच जोडून घेतली. चूक दिसली, दुरुस्त केली."

"छान केलंत." आईनं कोपऱ्यावरचं बोट उचललं. "मग हा कुणाचा कॉम्प्युटर?"

बाबांनी झाकण काढलं. स्क्रूच्या डब्यातून ती लाल तार काढली. तिची वळणं अजून तशीच होती. मग त्यांनी पातं घेतलं.

"दिवा धर."

तिनं धरला. बाबा नव्या बोर्डावरची तीच, आता धडधाकट असलेली रेघ खरवडू लागले.

"पातं घसरतंय तुमचं."

"टेबल हलतंय."

"टेबलाला काय झालंय हलायला?"

रेघ तुटली. प्रत्येक कामानंतर तपासून बघायची त्यांची सवय. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. पडदा काळाच राहिला.

"गेला," आई म्हणाली.

"बरोबर आहे. तेव्हाही असाच गेला होता."

बंद करून त्यांनी डाग द्यायची सोल्डर गन तापवली. तुटलेल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना तारेची टोकं टेकली आणि त्यांच्यावर सोल्डरचे दोन गोळे बसले. बाबांचं काम एरवी मोत्यासारखं असे. हे गोळे ओबडधोबड होते. मुद्दाम केले की हातून तसे झाले, ते आईनं विचारलं नाही. जास्तीच्या तारेकडे बघून त्यांचा हात सवयीनं कटरकडे गेला.

"कापू नका," ती म्हणाली.

पुन्हा बटण दाबलं. पांढरा चौकोन उघडझाप करू लागला. बाबांनी झाकण ठेवलं, दाबलं. तीन कोपरे बसले. चौथा वर उचललेला राहिला.

आईनं दिवा जागेवर ठेवला. फडकं बोटाला गुंडाळून त्या फटीतून फिरवलं. बोर्ड नवाकोरा होता, धूळ काही निघाली नाही. तिनं फडक्याची घडी केली आणि ती कॉम्प्युटरच्या शेजारीच ठेवली.