आडवी गोळी

"बाबा, तुमच्या गोळ्या कागदात आडव्या का शिरतात?"

प्रश्न सोल्वीचा नव्हता. शाळेच्या बसमध्ये डिक्सी आणि जोलीन या मैत्रिणींनी पैज लावली होती, बापाला विचारून दाखव म्हणून. मोंटानातल्या त्या गावात आर्विड टोलेफसनला हे विचारायची कुणाची छाती नव्हती. वीस वर्षं तो नेमबाजी क्लबाचा प्रमुख. गेल्या रविवारी त्याच्या निशाणाच्या कागदावर एक भोक गोल असेल तर शपथ. सगळी लांबट, कुलपाच्या भोकासारखी. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे हवापाण्यावर बोलायला लागले.

आर्विडनं मान वर केली नाही. गॅरेजमधल्या बाकावर तो आपल्या वडिलांची रायफल पुसत होता.

"नळी गेली. शंभरी उलटली तिची. म्हातारपणी तुझेही दात पडतील."

"मग?"

"मग काय? चार वाजता क्लबातला ओल्सन येतोय ही न्यायला. शेकोटीच्या वर टांगणार म्हणतो."

सोल्वीला हे आत्ता कळत होतं. आजोबांनी तिला नेम धरायला शिकवला तो याच रायफलीवर. या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा मोठ्यांच्या स्पर्धेत उतरणार होती, तीही याच रायफलीनं. आणि ही आता शोभेला जाणार!

बाकाच्या टोकाला गोळ्या मापात दाबायचा प्रेस उभा होता. जुन्या बाजारातून आणला तेव्हा नुसता गंजलेला लोखंडाचा ठोकळा. आर्विडनं अख्खा हिवाळा त्याच्यावर घातला. गंज रॉकेलात भिजवून काढला. आत दगड झालेलं ग्रीस बायकोच्या हेअर ड्रायरनं वितळवलं, त्यात ड्रायर गेला. नवा दांडा बसवला, वर हिरवा रंग. ओतलेली शिशाची गोळी वर ठेवायची आणि दांडा खाली ओढायचा, की ती पोलादी कड्यातून दाबली जाते, मापात येते, खाचांत ग्रीस भरून निघते. क्लबातली माणसं नुसता दांडा ओढून बघायला यायची.

भिंतीवर एक जुना निशाणाचा कागद टाचलेला होता. दहा भोकं, एका बशीत मावतील अशी. सगळी गोल.

"हा कधीचा?" सोल्वीनं विचारलं.

"ऑक्टोबरचा."

"तेव्हा होते वाटतं हिला दात?"

"सोल्वी."

"नाही, तेव्हा प्रेस नव्हता ना आपल्याकडे. साच्यातून गोळी निघाली की हातानं ग्रीस चोपडून तशीच मारायचात."

"ते अडाणी काम. आता माप असतं. कड्यावर कोरलंय बघ, चारशे अठ्ठावन्न. इंचाचे हजारावे भाग. या रायफलीचं पुस्तकातही तेच माप आहे."

"पुस्तक या नळीत शिरून आलंय का?"

धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन दारात उभी असलेली आई, मार्लिस, नाकातल्या नाकात हसली.

नळी मापायची रीत सोल्वीला बापानंच शिकवली होती, क्लबातल्या नवशिक्यांच्या वर्गात. मऊ शिशाचा तुकडा घ्यायचा, तेल लावायचं आणि लाकडी दांडीनं हलके हलके ठोकत नळीतून पार करायचा. नळीचं खरं माप तुकड्यावर उमटतं. या रायफलीवर हे त्यानं कधीच केलं नव्हतं. घरच्या माणसाला कोण टेप लावून बघतं?

सोल्वीनं दांडी उचलली. त्यानं तिला अडवलं नाही.

तुकडा टॉवेलवर पडला. तिनं मायक्रोमीटर लावला, परत लावला, मग त्याच्यापुढे धरला. आर्विडनं चष्मा चढवला. स्वतः मोजलं. तीनदा.

चारशे एकसष्ट.

फरक केसाएवढा. पण तेवढ्यानं प्रेसमधून आलेली गोळी नळीत सैल बसत होती. गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे तिला पकडतच नव्हते, आणि ती कोलांट्या खात बाहेर पडत होती.

"म्हणजे चांगल्या गोळ्या बिघडवायला माझा ड्रायर गेला," मार्लिस म्हणाली.

हसलं कुणी नाही.

"कडं आतून घासून मोठं केलं की होईल," सोल्वी म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम आहे, मी करते. नळीला काही झालेलं नाही, बाबा. ओल्सनकाकांना फोन करा."

आर्विडनं शिशाचा तुकडा खिशात टाकला.

"वीस वर्षं मी पोरांना सांगतोय, आधी नळी मापा. घसा बसला सांगून सांगून. आणि परवा त्याच पोरांसमोर, कुणी न विचारता, मी म्हणालो, नळी गेली."

"मग आता म्हणा, चुकलं."

"तू म्हण. तुझं जातंय काय?" त्यानं रायफल खोळीत सरकवली आणि चेन ओढली. "नळी गेली. विषय संपला."

"आर्विड, तुझ्या वडिलांची आहे ती," मार्लिस म्हणाली.

"माहितीय मला कुणाची आहे ते."

बाहेर खडीवर गाडीची चाकं करकरली. चार वाजायला पाच मिनिटं होती. ओल्सन कधी उशिरा यायचा नाही.

आर्विड उठला. त्याच्याआधी सोल्वी दाराशी पोचली होती. हाताचं ग्रीस तिनं शाळेच्या स्कर्टलाच पुसलं. आईनं ते पाहिलं आणि चक्क काही म्हटलं नाही.

"आई, बाबा, ऐका. दार मी उघडणार आहे. काकांनी नळीचं विचारलं तर सांगणार," ती म्हणाली. "आणि नाही विचारलं, तरी सांगणार."