पाचवा रकाना

तिसऱ्या गोळीला पिस्तूल पुन्हा अडकलं. रिकामी पुंगळी बाहेर उडाली नाही. मिटत्या दारात बोट सापडावं तशी पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, स्लाइडच्या, फटीत उभी राहिली.

नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांनी नळी समोरच्या मातीच्या बांधाकडेच ठेवून मॅगझीन काढलं, स्लाइड ओढून पुंगळी पाडली. "बघ," ते म्हणाले. "मी काय उगाच चिठ्ठ्या लिहीत होतो?"

चार महिन्यांत चार चिठ्ठ्या शस्त्रागारात आल्या होत्या. डावीकडे कललेल्या गोलगोल अक्षरांत एकच तक्रार: पिस्तूल मधूनच अडकतं. हत्यारं दुरुस्त करणाऱ्या मुलीनं, जिला सगळे डॉक्टरीण म्हणत, त्या चिठ्ठ्या टाचणीनं वहीला लावून ठेवल्या होत्या. वहीत तिनं रकाने आखले होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी होतं तसं राहू द्यायचं, ही तिची पद्धत. आधी गोळ्यांची पेटी बदलली. मग मॅगझीनवर रंगाचे ठिपके देऊन, उस्तादांनाच झाडायला लावून, त्यातलं कुठलं अडकतं ते पाहिलं, तिन्ही अडकली. मग नवी स्प्रिंग घातली. मग जुनं तेल धुऊन काढलं. चार रकाने झाले. पाचव्याला तिनं नाव दिलं नव्हतं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. सोमवारपासून उस्ताद न्यायाधीशबाईंचे अंगरक्षक होणार होते. बाईंना धमक्या आल्या होत्या, आणि हत्यार भरवशाचं असल्याचा डॉक्टरिणीचा दाखला चारच्या आत साहेबांच्या टेबलावर हवा होता. सव्वातीन वाजून गेले होते.

उस्ताद बोटांनी टेबल वाजवत होते. त्यांचं म्हणणं होतं की स्प्रिंगच हलक्या प्रतीची आली असणार, हल्ली काही धड येत नाही, तिनं खुशाल तसं लिहून टाकावं. ती वाकून पुंगळ्या गोळा करत राहिली, मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग तेच पिस्तूल घेऊन तिनं एका हातानं वीस गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही.

"तुझे लाड करतं ते," उस्ताद म्हणाले. "माझ्याशीच वैर आहे त्याचं."

तिनं त्यांना दोन्ही हातांनी झाडायला सांगितलं. दहाच्या दहा सुरळीत. ते हसले, झालं की म्हणाले. ती हसली नाही. अंगरक्षकाला दोन हात मिळत नाहीत. डाव्या हातानं माणसाला गाडीत ढकलायचं असतं आणि उजव्यानं झाडायचं असतं. हेही तिला उस्तादांनीच शिकवलं होतं.

ती आत गेली आणि कपाटातलं दुसरं पिस्तूल घेऊन आली. पेटीतून परवाच निघालेलं, आजवर कुणाच्या हाती न गेलेलं. तिनं ते भरलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. ठेवताना तिला वाटत होतं, नको अडकायला. आपला अंदाज खोटा ठरावा असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

उस्तादांनी उजवा हात लांबवला. पहिली गेली. दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या गोळीला पुंगळी फटीत उभी राहिली.

जीपचा हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. उस्तादांनी पिस्तूल रिकामं करून ठेवलं. आता ते टेबल वाजवत नव्हते.

स्लाइडला मागं जायला पाठीशी काहीतरी घट्ट लागतं. मनगट ढिलं पडलं की सगळं पिस्तूलच मागं सरकतं, स्लाइड अर्ध्यातून परत येते आणि पुंगळी सापडते. प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात उस्ताद हे उजव्या हातानं फळ्यावर चित्र काढून समजावत. नंतर कुणी हत्याराला दोष दिला की ते एवढंच विचारत, अंगण वाकडं का रे? आणि सगळी रांग हसायची. तीही हसली होती.

"म्हण की," उस्ताद म्हणाले. "कशाला थांबलीस?"

ती वहीशी चाळा करत राहिली. तिच्या लक्षात आलं की आपला पाय मघापासून हलतो आहे. तिनं तो थांबवला. तो पुन्हा हलायला लागला.

"दवाखान्यात दाखवलंत?" तिनं विचारलं.

त्यांनी तिची वही स्वतःकडे ओढली, रकान्यांवरून बोट फिरवलं. गोळ्या, मॅगझीन, स्प्रिंग, तेल. रिकाम्या रकान्यापाशी बोट थांबलं.

"याला नाव का नाही दिलंस?"

"मला लिहवेना, उस्ताद."

"आणि सोमवारी त्या बाईंना काय सांगणार होतीस? लिहवेना म्हणून?" आवाज फळ्यापुढचाच होता. त्यांनी हात पुढे केला. "दे पेन इकडे."

तिनं पेन दिलं. त्यांनी ते उजव्या हातात घेतलं, क्षणभर तसंच धरलं आणि डाव्या हातात दिलं. मग वाकून, सावकाश, रकान्याच्या माथ्यावर लिहिलं: हात.

अक्षर डावीकडे कललेलं होतं, गोलगोल. ती वहीला टाचलेल्या चार चिठ्ठ्यांकडे बघत राहिली. चार महिने तेच अक्षर.