चौथी टपरी

"गफूर, एकच दे. शेवटची."

"नाही मास्तर. डॉक्टर म्हणालेत ना, आणखी ओढलीत तर पाय कापावा लागेल?"

सिगारेट सोडून नऊ दिवस झाले होते. मास्तरांचे हात थरथरत होते. रागारागाने ते पुढच्या टपरीवर गेले. तिथल्या पानवाल्याने त्यांना पाहताच पाकिटांवर हात ठेवला. "गफूरभाईंचा फोन आलाय." तिसऱ्या टपरीवरही तेच उत्तर मिळालं.

चौथी टपरी लांब, नाक्यावर होती. मास्तर घामाघूम होऊन पोचले. इथला पानवाला नवीन होता. "ही घ्या, काका," म्हणत त्याने सिगारेट पुढे केली.

ती घ्यायला मास्तरांनी हात उचलला आणि हाताकडे बघतच राहिले. थरथर थांबली होती.

"नको. मला नीट बघून ठेव," ते म्हणाले. "पुन्हा आलो तरी द्यायची नाही. गफूर तुला फोन करायचा विसरलाय."