डबा खोटं बोलत नाही

"मुलगी रविवारी बघू. त्याआधी तीन दिवस त्यांचे डबे बघून येते," अहल्याबाई म्हणाल्या आणि उत्कर्षचा घास हातातच राहिला.

बडोद्यात मांजलपूरच्या त्यांच्या सोसायटीत ओला कचरा हिरव्या डब्यात आणि सुका निळ्या डब्यात पडतो, तो अहल्याबाईंच्या धाकाने. कॉर्पोरेशनचा टेम्पो गाणं वाजवत येण्याआधी त्या घरोघरची झाकणं उचलून बघतात. पाहुणे यायचे म्हटले की लोक अभ्रे बदलतात, ठेवणीतले कप काढतात, मुलीला साडी नेसवतात. डबा मात्र खोटं बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत. या मतापायी उत्कर्षची तीन स्थळं गेली होती. पहिल्या घरी बटाट्याच्या सालींत गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. दुसऱ्या घरी निळ्या डब्यात कढी. तिसऱ्या घरी एकच डबा होता, तिथे बाई थांबल्याच नाहीत.

पण ही ऋचा, निजामपुऱ्याच्या संपतराव जगतापांची मुलगी, उत्कर्षला मनापासून आवडली होती. दोघांची दोनदा कॉफी झाली होती. एकदा तो तिला फाटकापर्यंत सोडायलाही गेला होता, आणि फाटकाशी काय ठेवलेलं असतं ते त्याने पाहिलं होतं.

"आई, डब्यावरून नाही म्हणू नकोस गं," एकतीस वर्षांचा घोडा रडवेला होऊन म्हणाला. "मला लग्न करायचंय तर हिच्याशीच."

"डबे नीट असले तर मी कशाला नाही म्हणेन? बुध, गुरु, शुक्र जाईन. टेम्पो सातला येतो तिकडे, चौकशी केलीय मी."

"सातला," उत्कर्ष म्हणाला आणि हातातला घास तोंडात घातला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने जिम सुरू केली. लग्न ठरायचं तर पोट आत हवं, म्हणाला. पहाटे साडेपाचला हेल्मेट घालून, तोंडाला हिरव्या चौकड्यांचा रुमाल बांधून, पाठीला फुगलेली सॅक अडकवून तो स्कूटरवर निघायचा. पोराला एकदाचा सूर्योदय दिसला याचंच आईला कौतुक.

बुधवारी पावणेसातला अहल्याबाई निजामपुऱ्यात रिक्षातून उतरल्या. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, हातात वही. जगतापांच्या फाटकाबाहेर दोन डबे होते. झाकणं उचलून त्या बघतच राहिल्या. हिरव्यात निव्वळ साली आणि चहाचा चोथा. निळ्यात दुधाच्या पिशव्या, धुऊन वाळवून त्यांची जुडी केलेली, वर सुतळीची दुहेरी गाठ. पिशवीचा कापलेला कोपरासुद्धा पिशवीला लटकता ठेवलेला, म्हणजे तो तुकडा वेगळा पडून हरवत नाही. हे त्यांनी स्वतःच्या घराबाहेर आजवर कुठेही पाहिलं नव्हतं. घरच्यांना ते शिकवताना त्यांचा घसा कोरडा पडला होता, आणि इथे कुणी न शिकवता!

गुरुवारी घोटाळा झाला. झाकण हातात असतानाच फाटक उघडून ऋचाची आई, कांचनताई, बाहेर आल्या.

"कॉर्पोरेशनमांथी आवुं छुं," अहल्याबाई घाईघाईने गुजरातीत म्हणाल्या. "चेकिंग छे."

"तुम्ही मराठी दिसता! कळतं हो बोलण्यावरून." कांचनताई खूश झाल्या. "बरं झालं भेटलात. तुमचा माणूस बहु सारो आहे हं. मला मावशी म्हणतो. काही देऊ केलं तर हात जोडतो. आमची ऋचा तर स्वतः चहा नेऊन देते त्याला."

टेम्पोवाल्याला चहा! अहल्याबाईंना भरून आलं. पोरीला माणुसकी आहे. त्यांनी वहीत काहीतरी खरडलं आणि तिथून काढता पाय घेतला.

शुक्रवारी तर बाटल्यांची बुचंसुद्धा वेगळ्या पुडीत बांधलेली होती.

"मुलगी पसंत," त्यांनी घरी येताच जाहीर केलं. "न बघताच पसंत!"

उत्कर्षने आईला मिठी मारली. त्याच्या शर्टाला केळ्याचा वास येत होता. जिमवाले केळी फार खातात, हे त्यांनी ऐकलं होतं.

आता एकच धास्ती उरली. कांचनताईंनी ओळखलं तर? होणारी सासू लोकांचा कचरा उपसत फिरते, ही बातमी बडोदंभर व्हायला एक दिवस पुरला असता. जुळत आलेलं मोडलं असतं, आणि तेही त्यांच्यापायी. या विचाराने शनिवारी त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी त्यांनी चष्मा बदलला, गजरा माळला, डोक्यावरून पदर घेतला. त्यांचे यजमान मानसिंगराव पेढे घेऊन मागून रिक्षाने येणार होते. उत्कर्षने स्कूटर काढली.

"आज रुमाल नको, आई."

"नको काय? रस्ताभर धूळ आहे. काळं तोंड दाखवणारेस त्यांना?" त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या मानेमागे दुहेरी गाठ मारली.

जगतापांच्या दाराशी पोचताच उत्कर्ष हेल्मेट न काढताच मानेमागे बोटं घालून झटू लागला. गाठ सुटेना. आईची गाठ ती, सुटणार कशी?

"राहू दे ते. तू पुढे हो," अहल्याबाई कुजबुजल्या. त्यांनी बेल दाबली, पदर पुढे ओढला आणि लेकाच्या रुंद पाठीमागे दडल्या.

दार उघडलं. कांचनताईंनी समोरच्या हेल्मेटकडे आणि हिरव्या चौकड्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे भाई, आज रविवारीपण आलात? डबे मागच्या दारी आहेत, या. फक्त आज कचरा जरा पटापट वेगळा करा हं, ऋचाला बघायला पाहुणे यायचेत!"